पहिली वाटी

मटणाच्या पातेल्यात लाल तिखट पडण्याआधी एक वाटी बाजूला काढायची असते. हळद, मीठ, आलं-लसणाचं वाटण आणि पाणी, एवढ्यावर हाडांसकट मटण शिजलेलं असतं. वर पिवळे थेंब तरंगत असतात. घरातल्या कुणाच्याही आवडीनिवडीने अजून त्या पाण्याला हात लावलेला नसतो. आमच्या माण तालुक्यात याला अळणी म्हणतात. कोल्हापूरकडे यातच नारळाचं दूध, तीळ आणि खसखस गेली की पांढरा रस्सा होतो. ठाण्यात सगळे सरळ सूप म्हणतात. नाव काहीही असो, मी लहानपणापासून बघत आले ती गोष्ट वेगळीच आहे: ती वाटी कुणापुढे ठेवली जाते.

ती कर्त्या पुरुषापुढे जात नाही. जावई आला असला तरी त्याच्यापुढे जात नाही. दात फुटू लागलेलं मूल, दात गेलेली आजी, तापातून नुकतं उठलेलं माणूस, हातपाय मोडून पडलेला, बाळंतीण; घरात त्या दिवशी जो सगळ्यांत अशक्त असेल, त्याचा मान. पुरुषांची पंगत उठल्यावर उरलेल्या रश्श्यात भाकरी बुडवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. नळी आपल्या वाट्याला येत नाही हे त्यांना इतकं अंगवळणी पडलेलं, की कुणी वाढली तरी त्या ती मुलाच्या ताटात सरकवत. पण तीच बाई बाळंत झाली की पहिली वाटी तिची. वर्षभर सगळ्यांच्या मागून जेवणारी ती, तेवढ्या दिवसांत मात्र सगळ्यांच्या आधी प्यायची, तीही पाटावर बसून, सासूच्या हातून. जेवणाच्या क्रमाने घरातली सत्ता कळते असं म्हणतात. त्या सत्तेला या एका पदार्थापुढे थोडं बाजूला व्हावं लागे, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता मी राहते ती ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्यात. डोंबिवलीतही मानपाडा आहे, मानपाडेश्वराच्या देवळाचा. आमच्या शेजारच्या काकूंचं माहेर तिथलं. आमच्या मागच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो आणि पुढच्या खिडकीतून मेट्रोचे खांब. जूनमध्ये डोंगरावर ढग उतरले की तो पुसला जातो आणि खांब तेवढे उरतात. त्याच दिवसांत बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, सोबत ती खाजरी शेवळं निववायला काकडं. थोडं पुढे गेलं की टाकळा, कुरडू, कंटोळी. पावसाने हवा बदलली की जीभही बदलते. काहीतरी कढत, पातळ, मिऱ्यांचं हवंसं वाटतं. आखाडातल्या रविवारी मटणाच्या दुकानापुढे छत्र्यांची रांग लागते ती उगाच नाही. श्रावण यायचा असतो आणि पाऊस तर आलेलाच असतो.

त्या रांगेत उभं राहिलं की माणसं काय मागतात ते ऐकू येतं. मांडीचं द्या. चरबी कमी. चांप घाला थोडी. जाणकार असेल तर नळ्या टाका म्हणतो, आणि मुलाला घेऊन आलेला बाप कलेजीचा एखादा तुकडा वरून मागतो. पाये कोपऱ्यात पडलेले असतात. त्यांच्यावर मांस नसतंच. कातडी, शिरा, सांधे आणि हाड, एवढाच त्यांचा ऐवज. जनावर ज्यांच्यावर जन्मभर उभं राहिलं आणि चाललं, त्यांना दुकानात सगळ्यांत कमी भाव.

गावी आमच्याकडे शेळ्या होत्या. दिवाळीनंतर आसपासचे धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन घाट उतरून कोकणात जात आणि पावसाच्या आधी परत वर येत. त्या वाटेवरचं गाव आमचं. मेंढरू किती चालतं ते आम्हा मुलांना ठाऊक होतं. बोकड कापला जायचा तो आमच्या ओळखीचा असायचा, त्याला पाला आम्हीच घातलेला असायचा. ओळखीच्या जनावरातलं काही फेकवत नाही. मुंडी, वजडी, रक्ती, पाये, सगळ्याला घरात जागा होती आणि ते करायला कुणी ना कुणी बसलेलं असायचं. आज शहरात मटण काळ्या पिशवीत येतं. मुंबईला मटण पुरवणाऱ्या देवनारच्या कत्तलखान्यात, जो १९७१ साली सुरू झाला, बकरे येतात ते राजस्थानातून, मध्य प्रदेशातून. त्यांचा चेहरा आपण पाहिलेला नसतो. अशा वेळी त्या न पाहिलेल्या जनावराचे पाये मागून घेणं आणि त्यातला कस शेवटपर्यंत काढणं, एवढाच आदर माझ्या हातात उरतो असं मला मनापासून वाटतं.

पाये आधी भाजावे लागतात. आई चुलीच्या जाळावर धरून ते उलटेपालटे करायची. केस जळून करपट वास गल्लीभर जायचा, मग विळ्याने खरवडून ती खुरांची टोपणं उचकटायची. आता दुकानातच गॅसच्या ज्योतीवर भाजून, तोडून देतात. तरी घरी आणल्यावर मी ते जाडसर गव्हाच्या पिठाने आणि हळदीने चोळते, बोटांच्या बेचक्यात राहिलेली काजळी सुरीने काढते, आणि कोमट पाण्याने धुते, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. यात घाई केली की पुढच्या कितीही मिऱ्या-लवंगा तो वास झाकत नाहीत.

मग जाड बुडाचा टोप. पाये गार पाण्यात घालायचे, बुडून वर चार बोटं राहील इतकं पाणी, आणि आच मध्यम. उकळी फुटायच्या आधी करडा फेस वर येऊ लागतो. तो डावाने काढत राहायचा. कंटाळा न करता काढला तर सूप नितळ होतं. फेस थांबला की आच अगदी बारीक करायची, आणि मगच अख्खा कांदा चार फाका करून, ठेचलेलं आलं, लसणाची सालीसकट गड्डी, मिरे, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, तमालपत्र, हळद. मीठ शेवटी, कारण पाणी आटत जातं आणि आधी बेताचं वाटलेलं मीठ नंतर डोईजड होतं. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही. खळखळलं की चरबी त्यात घुसळली जाऊन सूप गढूळ होतं. वर एखादाच बुडबुडा यावा आणि फुटावा. सहा-सात तासांनी सांधे सुटे होतात, शिरा बोटाने चिमटल्या की तुटतात, आणि चमच्यातून थेंब टाकला तर तो बोटांना चिकटतो. हा चिकटपणा आला म्हणजे झालं. बारीक गाळणीतून दोनदा गाळायचं, मुलांना द्यायचं असेल तर नक्कीच. पायाच्या हाडांची कुसळं बारीक असतात.

इतका वेळ लागतो तो का, हे कळल्यावर माझी त्या मंद आचेवरची श्रद्धा वाढली. कातडी, शिरा, कूर्चा आणि हाडाचा सांगाडा ज्या प्रथिनाने बांधलेला असतो त्याला कोलॅजन म्हणतात. त्याचे तीन धागे एकमेकांत पिळलेले असतात. गरम पाण्यात तो पीळ हळूहळू उलगडतो आणि त्याचं जिलेटिन होऊन पाण्यात उतरतं. जनावर जितकं चाललेलं, तितकं हे बांधकाम पक्कं. गार झाल्यावर हेच धागे पुन्हा एकमेकांना धरू पाहतात आणि सूप खरवसासारखं थरथरत आळतं. माणमध्ये थंडीच्या रात्री ते ओट्यावरच आळायचं. मानपाड्याच्या दमट हवेत फ्रिजशिवाय आळत नाही, आणि पावसाळ्यात बाहेर ठेवलं तर सकाळपर्यंत आंबतं. म्हणून गाळल्यावर टोप थंड पाण्याच्या परातीत बसवून लवकर निववायचा आणि आत ठेवायचा. सकाळी वर चरबीचा पांढरा थर जमलेला असतो. तो खरवडून वेगळा काढला की भाजीच्या फोडणीला होतो. खालचं आळलेलं तोंडात ठेवलं की अंगाच्या उष्णतेनेच विरघळतं. आजारी माणसाला चावायचे, गिळायचे कष्ट नको असतात, आणि हा पदार्थ त्याच्या जिभेपाशी येऊन स्वतःच पाणी होतो.

कुकरमध्ये हेच तासा-दीड तासात होतं. कोंडलेल्या वाफेत पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं, उघड्या भांड्यात १०० च्या वर जात नाही. कुकर मुळात हाडांसाठीच जन्मला ही गोष्ट मला फार आवडते. देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला वाफ कोंडणारं, झाकण आवळून बसवलेलं भांडं दाखवलं. १६८१ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं; त्याच्या नावातच हाडं मऊ करण्याचं यंत्र असा उल्लेख आहे. गरिबांना टाकून दिलेल्या हाडांतून अन्न मिळावं हा त्याचा ध्यास होता. पुढच्या वर्षी सोसायटीच्या सभासदांना त्या भांड्यातलं जेवण वाढलं गेलं आणि जॉन इव्हलिन यांनी आपल्या रोजनिशीत त्याची कौतुकाने नोंद केली. आमच्या ठाण्यात हॉकिन्सचा कारखाना आहे. तिथून कुकर बाहेर पडतात आणि त्यांत डाळ-भात शिजतो, पण त्यांचा पूर्वज पायासाठी, नळीसाठी घडला होता.

यानंतरची गोष्ट तितकी सुखाची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हाडांतलं जिलेटिन मोठ्या प्रमाणावर काढण्याच्या रीती बसवल्या. रुग्णालयांत, गरिबांच्या खाणावळींत ते सूप वाटलं जाऊ लागलं. स्वस्तात मांसाची जागा भरून निघेल अशी आशा होती. रुग्णांच्या, गरिबांच्या तक्रारी आल्या तेव्हा तिथल्या विज्ञान अकादमीने मजांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. तिचा अहवाल १८४१ चा. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री खंगली. शरीराला लागणारं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल जिलेटिनमध्ये नसतंच, हे कारण पुढे विसाव्या शतकात स्पष्ट झालं. हा सगळा प्रकार वाचला तेव्हा मला त्या पंगतीतल्या गरिबांचं फार वाईट वाटलं. त्यांना पहिली वाटी दिली गेली आणि तिच्यामागून यायचं ताट दिलंच गेलं नाही. ज्या घराने ही वाटी शोधली त्याला ठाऊक होतं, की ती जेवणाची सुरुवात आहे. जेवण तिच्यानंतर असतं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निरनिराळ्या गुणांत श्रेष्ठ काय याची यादी आहे. तिथे मांसाला बृंहण करणाऱ्यांत, म्हणजे अंग भरून आणणाऱ्यांत, पहिलं स्थान दिलं आहे आणि मांसरसाला तर्पण करणाऱ्यांत. दोन्हींची कामं वेगळी धरली आहेत. रसाने तृप्ती यावी, मांसाने अंग धरावं. माझ्या आजीने चरकाचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण तिच्या वाढण्यात हाच भेद होता: आधी वाटी, मग थोड्या वेळाने कुस्करलेली भाकरी, मग मऊ तुकडा.

आई ठाण्याला आली तेव्हाच तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, घरी आणलं, आणि इमारतीतला प्रत्येक जण एकच सांगून गेला की पायाचं सूप द्या, हाड लवकर जुळेल. मी सूप रोज केलं. पण हेही वाचून घेतलं होतं की हाडातलं कॅल्शियम पाण्यात फार थोडं उतरतं. लिंबू पिळा, चिंच घाला, तरी थोडंच. १०० ग्रॅम नाचणीत मात्र साधारण ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि डोक्याशेपटीसकट खाल्ल्या जाणाऱ्या सुक्या जवळ्यातही ते भरपूर. म्हणून सुपाशेजारी नाचणीची भाकरी, इकडे जिला नागली म्हणतात ती, दुपारी दही, डाळ, अंडं, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या. मग सूप कशाला, असं कुणी विचारेल. आईने दवाखान्यातून आल्यावर जेवण सोडलं होतं. ताट पुढे केलं की मान फिरवायची. सुपाच्या वाफेने मात्र ती मान परत वळवायची. मिऱ्यांनी नाक सुटायचं, घामाचा थेंब कपाळावर यायचा, आणि वाटी संपल्यावर ती हळूच विचारायची, भाकरी आहे का गं? हाड जुळलं ते भाकरीने, डाळीने, गोळ्यांनी आणि तिच्या चालण्याच्या व्यायामाने. भूक परत आणली ती सुपाने. एका पदार्थाने आणखी काय करायचं?

म्हणूनच आता दुकानांत आणि फोनवर मिळणाऱ्या कोलॅजनच्या भुकटीच्या डब्यांकडे मी वळत नाही. सांधे, त्वचा, केस, झोप, सगळ्यांचं भलं करायचं वचन त्या डब्यांवर असतं. एवढं ओझं मी एका वाटीवर टाकणार नाही. रक्तदाब असेल तर मीठ कमी, युरिक ॲसिडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून, हे मी प्रत्येक मागणाऱ्याला सांगते. आणि डब्यातली भुकटी पाण्यात ढवळून दिली तरी ती कुणाला आधी द्यायची हे डबा सांगत नाही.

शेजारच्या काकू आगरी. त्यांच्याकडे हळदीला मटणाचे टोपच्या टोप लागतात. पण घरात कुणाला बरं नसलं की त्या पावसाळ्यात पायापेक्षा मुठ्यांवर विश्वास ठेवतात. भातखाचरांतल्या त्या लहान खेकड्यांचे पाय आणि नांग्या पाट्यावर ठेचायच्या, पाण्यात कालवून फडक्यातून पिळून घ्यायचं, आणि ते पाणी आलं, लसूण, हिरवी मिरची घालून ढवळत ढवळत तापवायचं. ढवळणं थांबवलं की फाटतं. कवचाचा कण गेला तर घशात लागतो, म्हणून फडकं दुहेरी. खाचरं आता इमारतींखाली गेली, तरी डोंबिवलीच्या माहेराहून त्यांना कुणीतरी मुठे आणून देतं. माझ्या टोपाकडे बघून त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं, "आधी पोरीला दे गो, मंग टाक काय मसाला टाकायचा तो." घाटावरची मी आणि खाडीकाठच्या त्या, पण वाटीचा क्रम दोघींना एकच शिकवलेला. राबोडीतल्या माझ्या एका मैत्रिणीकडे पाया रात्रभर शिजतो आणि सकाळी नानबरोबर खाल्ला जातो. तिथेही नान बुडवण्याआधी नानीची वाटी भरते.

पाये एकदा उकळून संपत नाहीत. दुसऱ्या पाण्याला पहिल्याइतका दाटपणा येत नाही, पण त्यात मसूर किंवा तांदूळ शिजवला तर चव उतरते. त्यानंतरची हाडं ठिसूळ होतात. ती उन्हात वाळवून, खलबत्त्यात कुटून मी गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालते. पाण्यात न उतरलेलं कॅल्शियम असं मातीला मिळतं, आणि कढीपत्ता मोठ्या जोमाने वाढतो.

आता आखाड लागला आहे. गटारीच्या आधीच्या रविवारी पाये मिळायची मारामार, म्हणून गुरुवारीच दुकानात सांगून आले, आठ ठेवा, भाजून, पण मधून तोडू नका, मी घरी तोडीन. चार आमचे. चार खालच्या मजल्यावरच्या मुलीसाठी, जी बाळ घेऊन माहेराहून परवाच आली. तिच्या सासरी कुणी हे करत नाही, पण तिच्या सासूनेच वर येऊन विचारलं, तुमच्याकडे होईल का? काकूंनी लगेच हिशेब सांगितला. तिच्यासाठी मिरी कमी, लसूण जास्त, आणि दुपारी चारच्या आत खाली गेलं पाहिजे, कारण त्यानंतर बाळ उठतं.